चित्र फिरतं, आवाज जागेवरच बसतो: कॉयरची मैफल घरी पाहताना

तुम्ही लिहिलंय की जर्मन संगीतकार ब्राम्सच्या 'जर्मन रिक्वियम'ची, म्हणजे कॉयर (मोठा गायकसमूह) आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मृत्यू आणि सांत्वनावरच्या रचनेची, रेकॉर्ड केलेली मैफल तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी टीव्हीवर लावली. सुरुवातीला जवळजवळ काही ऐकूच येईना म्हणून आवाज वाढवला. दुसऱ्या भागात तो एकदम अंगावर आला म्हणून कमी केला. मग रिमोट हातातून सुटलाच नाही. पडद्यावर शंभरेक माणसं गाताना दिसत होती, पण कानावर पडत होता एक गोळा. पाऊण तासाने बंद केलं. आता तुम्ही विचारताय, साउंडबार घ्यावा का, की हे संगीत सभागृहात जाऊनच ऐकायचं असतं?

मी सव्वीस वर्षं कॉयरमध्ये बास गातोय. कॉयरमध्ये चार पंक्ती असतात: स्त्रियांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो; पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बास. ज्या मैफलीत मी गात नाही, तिचं रेकॉर्डिंग असेल तर कंट्रोल रूममध्ये स्कोअर (सगळ्यांची स्वरलिपी) उघडून बसायचं काम माझ्याकडे येतं. चार बार (तालाची आवर्तनं) आधी सांगायचं, "आता आल्टो येतील, मग ओबो (सनईसारखं वाद्य)." कॅमेरा कुठे वळणार ते त्यावरून ठरतं. त्यामुळे तुमचा अनुभव वाचताना मला आधी ती खोली आठवली, साउंडबार नंतर. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एक, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर तुमच्या खोलीत मावलं नाही. दोन, तुमचे डोळे एकीकडे होते आणि कान दुसरीकडे. पहिलीला यंत्र थोडी मदत करेल. दुसरीला कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही, आणि माझ्या मते पाऊण तासाने बंद करावंसं वाटलं ते दुसरीमुळे.

आधी पहिली. या रचनेच्या पहिल्या भागात ब्राम्सने व्हायोलिन वापरलेलीच नाहीत. सुरुवात होते ती व्हायोला, चेलो आणि डबल बास या खालच्या सुरांच्या तंतुवाद्यांच्या गडद आवाजात. तळाशी एकच स्वर मंद ठोक्यांनी चालू राहतो आणि मग कॉयर अगदी हळू 'झेलिग' (धन्य) म्हणत येतं. आता डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते. पातळ टीव्हीतले स्पीकर एवढेसे, त्यातही बहुतेकांचं तोंड खाली किंवा भिंतीकडे. १०० हर्ट्झच्या खाली त्यांच्यातून फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे कॉयर ज्या जमिनीवर पाऊल ठेवतं ती जमीन तुमच्या खोलीत पोचलीच नाही. सुरुवात हळू आहे हे खरंच, पण तुमच्याकडे ती हळू आणि पोकळही होती.

त्यात खोलीचा स्वतःचा आवाज. शांत वाटणाऱ्या खोलीतही पंखा, फ्रिज, बाहेरची रहदारी धरून ३० ते ४० डेसिबल सहज भरतात. मोठं कॉयर ऑर्केस्ट्रासह पूर्ण जोरात गातं तेव्हा सभागृहात ९० ते १०० डेसिबलपर्यंत मजल जाते. घरी एवढा आवाज कुणी ठेवत नाही, ठेवूही नये. वरची मर्यादा ८०च्या आसपास धरली तर सगळ्यात हळुवार जागा खोलीच्या आवाजात बुडतात. म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि पुढे फटका बसतो.

आवाज लावायची माझी पद्धत उलटी आहे. सुरुवातीला नाही, सगळ्यात मोठ्या जागी लावायचा. या रचनेत ती जागा शोधणं सोपं आहे. दुसऱ्या भागात शोकयात्रेच्या चालीवर टिंपनी (मोठे नगारे) वाजत असते, कॉयर एकाच सुरावटीत दबक्या आवाजात 'डेन आल्लेस फ्लाइश' (कारण सर्व देह) म्हणतं, मग ऑर्केस्ट्रा हळूहळू चढत जातो आणि तीच ओळ पूर्ण ताकदीने परत येते. ती दुसरी वेळ लावा. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना चालेल इतका, तुम्हाला भरून आल्यासारखा वाटेल पण खांदे आखडणार नाहीत इतका आवाज ठेवा. मग अगदी सुरुवातीला जा आणि रिमोट उठून दुसरीकडे ठेवून या. आता सुरुवात ऐकू येत नसेल तर आवाजाला हात न लावता खोली शांत करा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन दुसऱ्या खोलीत. दोन-तीन मिनिटांत कान आपोआप खाली उतरतात. सभागृहातही हेच होतं. दिवे मंद झाल्यावर लोक खाकरायचे थांबतात, तेव्हा आपण ऐकण्याच्या त्या पातळीवर गेलेलो असतो. घरी ती दोन मिनिटं आपण स्वतःला कधी देतच नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्येही एकदा जाऊन या. आवाज आपोआप समान राखणारी जी काही सोय असेल ती बंद करा. ऑटो व्हॉल्यूम, नाइट मोड, संवाद स्पष्ट करणारा मोड अशी तिची नावं असतात. बातम्या आणि मालिकांसाठी ती चांगली, पण इथे ती हळू जागा उचलते आणि मोठ्या जागा दाबते. मग ते 'डेन आल्लेस फ्लाइश' दोन्ही वेळा सारखंच ऐकू येतं आणि दुसऱ्या भागाचा जीवच जातो. खोटा सराउंड बंद करा, साधा स्टिरिओ ठेवा. याला एक अपवाद आहे. रात्री उशिरा, मुलं झोपलेली असताना ऐकणार असाल तर नाइट मोडपेक्षा हेडफोन बरे.

आता साउंडबार. तुमची खोली, बसायची जागा आणि स्पीकर ठेवायची सोय यांवर हे अवलंबून आहे, त्यामुळे ठाम हो किंवा नाही म्हणता येणार नाही. साउंडबारने तळाचा आवाज नक्की सुधारेल, विशेषतः बरोबर वेगळा बास स्पीकर असेल तर. पण तुमची तक्रार गोळ्याची आहे, आणि गोळा होतो तो सगळा आवाज मीटरभर लांबीच्या एकाच पट्टीतून आल्यामुळे. कॉयरला रुंदी लागते. डावीकडे सोप्रानो, उजवीकडे बास असं मांडलेलं कॉयर एकाच ठिकाणाहून ऐकलं की चार पंक्ती एकावर एक पडतात. जागा असेल तर मी साधे दोन वेगळे स्पीकर घेईन. एकमेकांपासून दोनेक मीटरवर, बसल्यावर कानाच्या उंचीला, भिंतीला न चिकटवता, आणि तुम्हीही त्यांच्यापासून जवळपास तितक्याच अंतरावर. जागा नसेल तर तारेचे बरे हेडफोन. त्यात कॉयर डोक्याच्या आत गातंय असं वाटतं हे खरं, पण चारही पंक्ती सुट्या ऐकायला शिकायचं असेल तर त्यांच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक साधन नाही. पण मी सांगेन की आत्ता लगेच काहीही घेऊ नका. खाली लिहिलंय ते आहे त्या टीव्हीवर एकदा करून बघा.

एक गोष्ट मात्र यंत्राने खरोखर बिघडते: ओठ आणि आवाज यांचा मेळ. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सभागृहात वीस मीटर मागे बसलात तर ओठ हलल्यावर आवाज साधारण ५८ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि आपल्याला ते जाणवतही नाही. आवाज जरासा मागून आलेला मेंदूला चालतो, कारण जगात तसंच असतं. आधी आलेला चालत नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो, आणि बाहेरचे स्पीकर जोडले की कधी कधी आवाज चित्राच्या आधी येतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये उलट, आवाज बराच मागे राहतो. अशा मैफलीत नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण माणसं गातायत यावर विश्वास बसत नाही. टिंपनीवर काठी पडताना जवळून दाखवतात तेव्हा बघा. ठोका आणि आवाज जुळत नसेल तर आवाज पुढेमागे करायचं सेटिंग वापरून जुळवून घ्या. या एवढ्याने अनेकांचा अर्धा कंटाळा जातो.

आता दुसरी अडचण, जिच्याबद्दल मला खरं बोलायचंय.

रेकॉर्डिंगमध्ये मुख्य मायक्रोफोन बहुधा कंडक्टरच्या मागे, त्याच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर टांगलेले असतात. कॉयरसाठी आणि एकट्याने गाणाऱ्यांसाठी आणखी काही असतात, पण सगळं मिळून जो आवाज तयार होतो तो एका जागेचा असतो, पहिल्या काही रांगांच्या मधोमध ठेवलेल्या एका खुर्चीचा. मैफल संपेपर्यंत तो आवाज त्या खुर्चीतून उठत नाही. चित्र मात्र सतत पळत असतं. आत्ता कंडक्टरचा चेहरा, मग हॉर्न, मग कॉयरच्या मागून दिसणारं सभागृह, मग एका आल्टोचा चष्मा. कॉयरच्या मागून दाखवतात तेव्हा डोळ्यांना बास डावीकडे दिसतात, पण कानांना ते उजवीकडेच ऐकू येतात. दर सात-आठ सेकंदांनी डोळे नव्या जागी बसतात आणि कान जुन्याच. मेंदू त्यांची सांगड घालायचा प्रयत्न करत राहतो आणि दमतो. 'कंटाळा आला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हा थकवा असतो.

शिवाय कॅमेरा काय दाखवतो हे माझ्यासारख्या स्कोअर घेऊन बसलेल्या माणसावर असतं. आम्ही जे दिसायला रंजक ते सांगतो. ओबोचा एकल तुकडा आला की ओबो. त्याच वेळी टेनर त्या सगळ्या जागेचा कणा धरून असतात, पण वीस पुरुष एकच लांब स्वर धरून उभे आहेत हे दाखवायला कुणालाच आवडत नाही. तुम्ही ओबो बघता, ओबो ऐकता, टेनर निसटतात. मी त्या खोलीत बसून हे किती वेळा केलंय! घरी ऐकताना मला ते चुकवायचं असतं, म्हणून सांगतोय.

तर करा असं. सुरुवातीला संपूर्ण मंच दिसतो तो क्षण थांबवा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास कुठे उभे आहेत ते पाहून घ्या. काही कॉयर डावीकडून उजवीकडे याच क्रमाने उभे राहतात, काहींत पुरुष मागच्या रांगांत असतात, काहींत सगळे मिसळलेले. मग डोळे मिटून किंवा पडद्याकडे पाठ करून पहिला भाग पूर्ण ऐका, साधारण दहा मिनिटांचा आहे. खुर्चीवर बसलेल्या त्या आवाजाशेजारी जाऊन बसायचं. सोप्रानो कुठून येतात, बास कुठून, याचा नकाशा कानात पक्का झाला की मग डोळे उघडा. आता चित्र कुठेही फिरू दे, तुम्ही हलत नाही.

डोळे उघडल्यावर बघायचं काय? माझं उत्तर आहे, श्वास. कॉयर गायला लागण्याआधीचा अर्धा सेकंद पाहा. कंडक्टरचा हात वर जातो आणि शंभर माणसांची तोंडं एकाच आकारात उघडतात. तो आकार पुढच्या स्वराचा असतो. 'झेलिग'च्या आधी ती रुंद नसतात, उभी असतात. आणि 'झ' ठोक्यावर येत नाही, किंचित आधी येतो, म्हणजे ठोक्यावर 'ए' पडतो. आम्ही तालमीत यावर तासच्या तास घालवतो. व्यंजन उशिरा आलं तर स्वर उशिरा, स्वर उशिरा आला तर अख्खं कॉयर ऑर्केस्ट्राच्या मागे ओढल्यासारखं वाटतं.

दुसरं पाहण्यासारखं म्हणजे शेवटचं व्यंजन. दुसऱ्या भागात 'ग्रास' (गवत) हा शब्द वारंवार येतो. त्यातला 'स' शंभर जणांनी आपापल्या वेळी सोडला तर सापाच्या बिळात हात घातल्यासारखा आवाज येतो. माझ्या एका कंडक्टरनी तर फक्त आल्टोंना 'स' म्हणायला सांगितलं होतं, बाकीच्यांनी स्वर संपवून गप्प राहायचं. प्रेक्षकांतल्या कुणालाच फरक कळला नाही; त्यांना फक्त शब्द स्वच्छ ऐकू आला. पुढच्या वेळी 'ग्रास' आलं की कंडक्टरचा डावा हात शोधा. बोटं मिटतात त्या क्षणी 'स' पडतो का? पडत असेल तर हे कॉयर चांगलं आहे.

आणि तिसरं, फार कमी लोकांच्या लक्षात येणारं. लांब ओळीत कॉयरचा आवाज तुटत नाही, पण माणसांना श्वास तर घ्यावाच लागतो. नियम असा की शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही आणि शब्दांच्या मधल्या फटीत घ्यायचा नाही, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. स्वराच्या मध्येच हळूच विरायचं, श्वास घ्यायचा, हळूच परत यायचं. कॅमेरा एका रांगेवरून सरकतो तेव्हा नीट बघा, सगळे गात असताना एकजण तोंड मिटून शांत उभा दिसेल. तो चुकलेला नाही. त्याची पाळी आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे त्याचा भार वाहतायत. हे पहिल्यांदा दिसलं की तो गोळा कायमचा फुटतो. त्यात माणसं दिसायला लागतात.

गोळ्याबद्दल आणखी एक. कधी कधी दोष तुमच्याकडे नसतोच, जागेचा असतो. चांगल्या मोठ्या मैफलीच्या सभागृहात आवाज साधारण दोन सेकंद रेंगाळतो, दगडी मोठ्या चर्चमध्ये पाच सेकंद किंवा त्याहून जास्त. ब्राम्सची ही रचना दोन्हीकडे जन्मली आहे. १० एप्रिल १८६८ला ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये तिचे सहा भाग झाले, आणि नंतर भर घातलेल्या सोप्रानोच्या भागासह सातही भाग १८६९मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात. तुमचं रेकॉर्डिंग चर्चमधलं असेल तर फ्यूगच्या जागा, म्हणजे एकच सुरावट पंक्ती एकामागून एक उचलतात त्या, थोड्या धूसरच राहणार, त्यावर सेटिंगचा इलाज नाही. नवीन असाल तर सभागृहातलं शोधा. चर्चमधला आवाज खुलतो तो संथ, लांब स्वरांच्या रचनांत. इंग्रज संगीतकार टॅलिसची चाळीस स्वतंत्र आवाजांची 'स्पेम इन अलियम' तिथेच ऐकावी. पाच-पाच आवाजांचे आठ गट, दहाएक मिनिटांची रचना.

फ्यूगचं नाव काढलंच आहे तर तिसऱ्या भागाचा शेवट सांगतो. तिथे चारही पंक्ती एकामागून एक तोच विषय घेऊन धावतात आणि खाली टिंपनी व डबल बास सलग 'डी' हा एकच स्वर धरून असतात. १ डिसेंबर १८६७ला व्हिएन्नात पहिले तीन भाग झाले तेव्हा टिंपनीवाल्याने तो 'डी' इतका जोरात बडवला की वरचं गाणं त्यात बुडून गेलं. टीव्हीच्या स्पीकरवर नेमकं उलट घडतं. 'डी' गायब होतो, आणि नांगर नसलेल्या होडीसारख्या चार पंक्ती भरकटल्यासारख्या वाटतात. ही एक जागा हेडफोनवर ऐकाच. आणि चारही पंक्ती धरायचा हट्ट नको. एक निवडा, मी स्वतः बास गातो म्हणून बास निवडेन, आणि शेवटपर्यंत तिच्याच मागे जा. बाकीच्या आपोआप कानावर पडतील.

उपशीर्षकं लावावीत का, हेही तुम्ही विचारलंय. या रचनेत नकोत. ब्राम्सने जर्मन बायबलमधली थोडीच वचनं निवडली आणि तीच परत परत गाऊन घेतली. पट्टीवर एक ओळ येते आणि मग तीन मिनिटं काहीच येत नाही. डोळे खालीच अडकून राहतात. आधी पाच मिनिटं अर्थ वाचा आणि उपशीर्षकं बंद करा. येशूच्या मृत्यूची गोष्ट सांगणारं बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' असतं तर मी उलट सांगितलं असतं. तिथे गोष्ट पुढे सरकत असते, कोण बोलतंय हे कळलं नाही तर धागा सुटतो. त्यात दोन कॉयर, दोन ऑर्केस्ट्रा समोरासमोर प्रश्नोत्तरं करतात, त्यामुळे ती रचना एका पट्टीच्या साउंडबारवर ऐकण्यात अर्थ नाही.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: सेटिंग साफ करा, आवाज सगळ्यात मोठ्या जागी लावा, ओठ आणि आवाज जुळवा, अर्थ वाचून घ्या, पहिला भाग न बघता ऐका, मग श्वास बघत पुढे जा. पहिल्या संध्याकाळी सगळी रचना नको. पहिला, दुसरा आणि चौथा एवढेच भाग घ्या. चौथा पाच-सहा मिनिटांचा, मोकळा आणि उजेडाचा आहे. दुसऱ्या भागानंतर तो हवाच असतो. दोन-तीन दिवसांनी सातही भाग सलग. सव्वा तास लागेल, मध्ये उठू नका, कारण पहिल्या भागात कॉयर ज्या शब्दाने सुरुवात करतं तोच 'झेलिग' सातव्या भागाचा शेवटचा शब्द आहे, आणि मध्ये मोडता घातला तर तो परत आल्याचं जाणवत नाही.

आणि लावायच्या आधी ऑटोप्ले बंद करा. शेवटचं 'झेलिग' विरत जातं, हार्पचे स्वर वर चढतात आणि मग आवाज संपतो, पण कंडक्टरचा हात अजून खाली आलेला नसतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये हे सात-आठ सेकंद ठेवलेले असतात, आणि कॉयरमधल्या प्रत्येकाने श्वास रोखलेला असतो. तुमचाही रोखलेला असेल. तिथे पडद्यावर पुढच्या व्हिडिओची चौकट उगवायला नको.